एकटीने चढावे, वेळेत उतरावे



फाल्गुनातला वद्य पक्ष लागला की नाशिकच्या घरांतून दोन विषय बोलले जातात. एक रंगपंचमीच्या रहाडीचा आणि दुसरा पाडव्याच्या खरेदीचा. आमच्या घरी यंदा तिसराच विषय त्याच्या कितीतरी आधी निघाला आणि चार दिवस पुरला. मी अंजनेरीवर एकटी जाणार, असे मी रात्रीच्या जेवणाच्या वेळी सांगितले. मुलाने घास हातातच ठेवला. सून काही बोलली नाही. मुलीचा पुण्याहून फोन आला आणि पहिले वाक्य होते, “आई, हे आता कशासाठी?”

‘कशासाठी’ याचे उत्तर माझ्याजवळ होते, परंतु ते सांगणे सोपे नव्हते. पाडव्याच्या आधी एका सकाळी अंजनेरी चढायची, हा आम्हा दोघांचा पंचवीस वर्षांचा नेम होता. गेल्या वर्षी यजमान गेले. यंदा मुलगा म्हणाला, “मी येतो बरोबर.” त्याचे म्हणणे प्रेमाचेच होते. तरीही मला कोणाच्या हाताला धरून नव्हे, माझ्या पायांनी आणि माझ्या गतीने जायचे होते. वय ६८, रक्तदाबाची एक गोळी, उजवा गुडघा थोडा कुरकुरणारा. हे सारे ठाऊक असूनही मला जायचे होते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी हाच वाद वेगवेगळ्या रूपांत होतो. कोणाला एकट्याने पांडवलेणीच्या पायऱ्या चढायच्या असतात, कोणाला ब्रह्मगिरी, कोणाला सप्तशृंगगडावर पायीच जायचे असते. ज्येष्ठ म्हणतात, “मला जमते.” सांभाळणारे म्हणतात, “काही झाले म्हणजे?” दोघांचेही बरोबर असते. म्हणूनच हा वाद ‘जायचे की नाही’ या एका प्रश्नावर अडकवून ठेवू नये. ‘कसे जायचे आणि कोठून परतायचे’ हे दोघांनी बसून ठरवावे. तीस वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यावर आणि या डोंगराच्या नाळेत अर्धा तास बसून काढल्यावर मी हे लिहीत आहे.

आधीचे सहा आठवडे

आमच्या घरातला तह सुनेने घडवून आणला. ती म्हणाली, “आधी सहा आठवडे पांडवलेणी. मग ठरवू.” शहरापासून जवळ असलेल्या त्रिरश्मी डोंगरावरील या लेण्यांपर्यंत सुमारे दोनशे पायऱ्या आहेत आणि सकाळी तेथे ज्येष्ठांची चांगली वर्दळ असते. आठवड्यातून तीन दिवस मी तेथे जाऊ लागले. पहिल्या आठवड्यात एकदाच चढले, चौथ्या आठवड्यात दोनदा.

या सरावात चढताना लागणाऱ्या धापेकडे आपण लक्ष देतो, उतरताना काय होते याकडे देत नाही. वास्तविक मांडीच्या पुढच्या स्नायूंची खरी परीक्षा उतारावर असते. चढताना हे स्नायू आखडत काम करतात. उतरताना ते ताणले जात असतानाच शरीराचा भार सावरतात, जणू गाडीचा ब्रेक. गुडघ्यावरचा दाबही उतरताना अधिक असतो. चढाई झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात त्याचे मोठे कारण उतारच होय. म्हणून सराव करताना स्वतःला विचारावे: शेवटच्या वीस पायऱ्या उतरताना पाय थरथरतो का? कठडा घट्ट धरावा लागतो का? तसे असेल तर डोंगर अजून पुढे ढकलावा.

याच काळात मी डॉक्टरांना भेटून आले. रक्तदाब, साखर आणि हृदयाचा आलेख पाहून झाला. आपणही ही भेट टाळू नये, विशेषतः पुढील औषधे चालू असतील तर. हृदयाचे ठोके कमी ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी श्रमानेही फारशी वाढत नाही, त्यामुळे केवळ नाडी मोजून दमणुकीचा अंदाज येत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या शरीरातले पाणी आणि क्षार उन्हात लवकर घटतात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर चढाईत आणि त्यानंतर काही तासांनीही खाली येऊ शकते. म्हणून ग्लुकोजची पुडी किंवा खडीसाखर वरच्या खिशात असावी, पिशवीच्या तळाशी नव्हे. मात्र डोंगरावर जायचे म्हणून कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये अथवा कमी करू नये.

एकटी, पण बेपत्ता नव्हे

एकटे जाणे आणि कोणाला न सांगता जाणे यांत मोठे अंतर आहे. आमच्या घरी एका कागदावर चार ओळी लिहून तो फ्रिजवर लावला. मार्ग: अंजनेरी गावावरून पायऱ्यांची वाट, दुसरी कोणतीही नाही. निघण्याची वेळ: पायथ्याहून सव्वासहा. परत फिरण्याची वेळ: साडेआठ, मग मी कोठेही असेन. पायथ्याहून फोन: साडेदहाच्या आत, नाही आला तर मुलगा नाशिकहून निघेल आणि ११२ वर कळवेल.

यांतील तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. परत फिरण्याचे ठिकाण ठरवू नये, वेळ ठरवावी. ठिकाण ठरवले की ते समोर दिसत असते आणि आपण “आता आलेच” म्हणत पुढे जात राहतो. वेळेला असा मोह नसतो.

ओळखीच्या रिक्षावाल्यांना मी येण्याजाण्याचे ठरवून घेतले होते. ते पायथ्याशी थांबले आणि त्यांच्याजवळ मुलाचा क्रमांक होता. आपणही पायथ्याच्या चहावाल्याला किंवा नाक्यावर जो कोणी असेल त्याला नाव आणि परतीची वेळ सांगून ठेवावी. खिशात एक चिठ्ठी ठेवावी: नाव, रक्तगट, आजार, चालू औषधे, घरचा क्रमांक. फोन बंद पडला किंवा त्याला कुलूप असले, तरी ही चिठ्ठी कोणालाही वाचता येते.

चढण

अंजनेरी नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्याने सुमारे २० किलोमीटरवर आहे. उंची समुद्रसपाटीपासून १२८० मीटरांच्या आसपास. हनुमंताचे हे जन्मस्थान अशी श्रद्धा असल्याने चैत्री पौर्णिमेला येथे मोठी गर्दी होते. म्हणून मी त्या आधीचा, आठवड्यातला मधला दिवस निवडला. उजाडता उजाडता गारवा होता. फाल्गुन-चैत्रातल्या डोंगराचा हा लबाडपणा ध्यानात ठेवावा. सकाळी सात वाजता शाल हवीशी वाटते आणि दहा वाजता कातळ तापू लागतो.

पायथ्याच्या झाडीत पळस फुलून गेला होता. पांगाऱ्याला पान नव्हते, फूल होते. कुसुंबाची कोवळी पालवी इतकी तांबडी की लांबून फुलेच वाटावीत. करवंदीच्या जाळ्यांना पांढरी फुले होती आणि त्यांचा मंद गोड वास वाऱ्यावर येत होता. मी दर शंभर पावलांनी थांबत होते. थांबण्याची मला लाज वाटली नाही, कारण बघायला पुष्कळ होते. उतारवयात डोंगर चढण्याचा हा एक फायदा आहे.

दमणूक मोजण्याचे एक साधे माप सांगते. बरोबर कोणी असते तेव्हा बोलता बोलता चालता आले तर गती योग्य, असे मानतात. एकट्या माणसाने काय करावे? मी मारुतिस्तोत्र पुटपुटत होते. एक श्लोक एका दमात म्हणता येत होता तोवर चालले. मध्ये श्वास घ्यावा लागला की थांबले. आपल्याला जे पाठ असेल ते म्हणावे. पाढेही चालतील.

पाण्याचेही असेच माप लागते. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट पाहू नये. दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट घ्यावेत. मी दीड लिटर साधे पाणी आणि अर्धा लिटर मीठ-साखरेचे पाणी घेतले होते. घरी करायचे असेल तर एक लिटर पाण्याला सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मधुमेह, हृदयाची किंवा मूत्रपिंडाची तक्रार असणाऱ्यांनी हे पाणी आणि एकूण पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

वाट पुढे दोन कड्यांमधल्या नाळेत शिरते. येथे पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत. कोठे कोठे कातळाला हात लावून, शरीर वर खेचून घ्यावे लागते. पायाखाली वाळका पाला आणि बारीक खडीचा घसारा. पावसाळ्यातले शेवाळ घसरवते हे सर्वांना ठाऊक असते. वाळके गवत आणि घसारा तितकाच घसरवतो, हे कोणी सांगत नाही. नाळेत माझ्या फोनला रेंज नव्हती, तेही मी मनात टिपून ठेवले.

कड्यावरची गिधाडे आणि आपली गोळी

नाळेतून वर आले आणि पठारावर श्वास घेत बसले, तेव्हा कड्याच्या कडेने दोन गिधाडे पंख न हलवता तरंगत गेली. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. आमच्या लहानपणी गिधाडे कोठेही दिसत. १९९० नंतरच्या काळात ती देशभरातून जवळजवळ नाहीशी झाली. कारण २००४ मध्ये उजेडात आले. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली.

हे येथे सांगण्याचे कारण असे की, हेच औषध आपल्या घरातील औषधांच्या डब्यात असते. माणसाचे शरीर ते गिधाडापेक्षा पुष्कळ चांगले पेलते, हे खरे. डॉक्टरांनी दिले तर त्याचा उपयोगही आहे. परंतु ‘आज डोंगर आहे, गुडघा दुखू नये म्हणून आधीच एक गोळी घेऊ’ असे अनेक ज्येष्ठ करतात. ते करू नये. उन्हाने शरीरातले पाणी घटलेले, त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि वर वेदनाशामक, असे तिन्ही एकत्र आले की उतारवयातल्या मूत्रपिंडांवर मोठा ताण येतो. दुसरे असे की, गुडघ्याचे दुखणे ही सूचना असते. ती दाबून टाकली तर कोठे थांबायचे हे आपल्याला कोण सांगणार?

साडेआठ

पठारावरच्या अंजनीमातेच्या देवळात मी आठ वाजून दहा मिनिटांनी पोहोचले. येथे रेंज होती. मुलीला निरोप पाठवला. दहा मिनिटे पाय पसरून बसले, दोन खजूर आणि राजगिऱ्याची वडी खाल्ली. उठताना एकदम उठले नाही. बसून उठल्यावर रक्तदाब क्षणभर खाली येऊन भोवळ येऊ शकते, म्हणून आधी काठीवर भार देऊन अर्धा मिनिट उभी राहिले.

येथून पुढे तळे आणि त्यापलीकडे दुसरी चढण. माथ्यावर अंजनीमातेचे दुसरे देऊळ आहे. आमचा नेम तेथे जाऊन घंटा वाजवल्याखेरीज पुरा होत नसे. यजमान ती घंटा वाजवत आणि मग म्हणत, “चला, वर्ष सुरू झाले.” मी तळ्याशी पोहोचले, चढणीला लागले आणि घड्याळात साडेआठ वाजले.

माथा समोर दिसत होता. पाय बरे होते, ऊनही अजून कोवळे होते. माझ्या मनात काय काय आले ते लपवत नाही. घरी कोणाला कळणार आहे? एक अर्धा तास जास्त. मी तेथे एका दगडावर बसले आणि थोडे रडूही आले. मग फ्रिजवरचा कागद आठवला. तो माझ्या हाताने लिहिलेला होता. शब्द मोडला असता तर यंदाचा माथा मिळाला असता, परंतु पुढच्या वर्षी घरच्यांनी माझ्यावर का विश्वास ठेवावा? मी माथ्याकडे पाहून हात जोडले आणि परत फिरले.

उतार

नाळेच्या मध्यावर, साधारण साठ पायऱ्या उतरल्यावर, उजवी मांडी थरथरू लागली. पांडवलेणीवर हे कधी झाले नव्हते. पण तेथल्या पायऱ्या उंचीला कमी आणि घडीव आहेत. पुढचे पाऊल ठेवताना गुडघा मुडपेल की काय, अशी स्थिती झाली. अशा वेळी ‘जरा नेट लावू’ म्हणणे हीच पडण्याची सुरुवात असते. मी बसले. पाणी प्याले. पंधरा मिनिटांनी दोन पायऱ्या बसूनच उतरले.

मागून डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई आली. तिने क्षणभर पाहिले आणि म्हणाली, “आजी, घाई नका करू. तोंड डोंगराकडं करा अन् शिडीवानी उतरा.” तिने मोळी खाली ठेवून दोन पायऱ्या उतरून दाखवल्या. उंच पायऱ्यांवर पाठमोरे, हात कातळावर ठेवून उतरले की पुढे झोक जाण्याची भीती राहत नाही आणि थकलेल्या गुडघ्याला आधार मिळतो. डोंगरात राहणाऱ्यांना हे शिकवावे लागत नाही. मी तसे उतरले. ती माझ्या पुढे काही अंतरावर चालत राहिली आणि नाळ संपल्यावर मोळी सावरून निघून गेली.

पायथ्याशी पोहोचले तेव्हा दहा वाजून वीस मिनिटे झाली होती. ऊन चटकत होते. फोन केला तेव्हा मुलाने पहिल्याच घंटीला उचलला. तो काही बोलला नाही, नुसते “बरं” म्हणाला. माथ्यावर जाऊन आले असते तर हीच थरथर मला उन्हात गाठती आणि फोनची वेळ उलटून गेलेली असती. माझी सकाळ त्या साडेआठच्या ओळीने राखली.

सांभाळणाऱ्यांसाठी चार शब्द

आपल्या घरातील ज्येष्ठांनी अशी इच्छा बोलून दाखवली, तर नकार देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: कोणती वाट, किती वाजता परत फिरणार आणि कोणाला कळवणार? ज्यांना ही उत्तरे देता येतात ते बहुधा काळजी घेणारे असतात. ज्यांना सरळ नकार मिळतो त्यांतले काही जण गप्प बसतात आणि काही जण न सांगता जातात. न सांगता जाणारा माणूस घसरला तर त्याला शोधायचे कोठे?

काही वेळा मात्र ‘एकटे नको’ असे स्पष्ट म्हणावे लागते. नुकताच हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा पक्षाघात झालेला. श्रमाने छातीत दडपण येणारे. कारण न कळता भोवळ आलेले. गेल्या काही महिन्यांत पडलेले. विस्मरणामुळे वाट चुकणारे. पायरीची कड नीट न दिसणारे. यांच्याबरोबर आपण जावे अथवा पायथ्याची झाडी दाखवून आणावी. पळस पायथ्याशीही फुलतो.

चढताना छातीत दडपण, दंड, जबडा किंवा पाठ यांत कळ, थंड घाम, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काहीही झाले तर तेथेच बसावे आणि १०८ किंवा ११२ वर फोन करावा. मधुमेही आणि वृद्ध व्यक्तींत छातीत न दुखताही झटका येऊ शकतो, नुसती धाप किंवा विलक्षण थकवा जाणवतो. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे ही उन्हाची पहिली लक्षणे आहेत. तेव्हाच सावली गाठावी. बोलणे असंबद्ध होऊ लागले तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी मारावे, वारा घालावा आणि तातडीने मदत मागवावी.

या दिवसांत कड्यांवर आग्या माशांची पोळी असतात. अत्तर लावून जाऊ नये, वाटेत धूर करू नये. माकडांसमोर खाण्याची पिशवी उघडू नये.

घरी आल्यावर दोन दिवस मांड्या ठणकल्या. तिसऱ्या दिवशी सुनेने फ्रिजवरचा कागद काढला. मला वाटले, फाडून टाकील. तिने तो घडी करून पंचांगात ठेवला आणि म्हणाली, “पुढच्या वर्षी परतीची वेळ तीच ठेवू. निघायची वेळ थोडी लवकर करू. आणि आठ आठवडे सराव.”

पाडव्याला गुढी उभारली. घरातल्या देवासमोरची लहान घंटा मी वाजवली आणि वर्ष सुरू झाले.